चंदेरी कुदळ आणि न झालेला पूल

मित्रांनो, मी एक जुनी कुदळ आहे. माझं टोक अजून शाबूत आहे म्हणून कौतुक करू नका. झिजायला काम करावं लागतं आणि माझं निम्मं आयुष्य हळदकुंकू लावून घेण्यात गेलं.

दर्यापूरच्या ताहेर लोहाराने मला घडवलं. भट्टीतून काढून पाण्यात बुडवताना तो म्हणाला होता, "काया जमिनीले पुरून उरीन हे." काळ्या, चिवट जमिनीलाही मी पुरून उरेन, असं. त्याच वर्षी खुशालराव पहिल्यांदा आमदार झाले. अंगाने सडसडीत, बोलायला गोड. एका गावच्या शाळेच्या पायासाठी त्यांनी मला हातात घेतलं आणि फोटो निघाल्यावरही खणत राहिले. त्यांच्या घामाने माझा दांडा ओला झाला. शाळा वर्षभरात उभी राहिली. मला वाटलं, आपलं नशीब उजळलं.

पण पुढे साहेबांना गावोगावची बोलावणी येऊ लागली आणि खणायला वेळ उरला नाही. एक घाव, एक नारळ, एक फोटो, की गाडी निघाली. साहेबांचा घाव अलगद बसावा म्हणून त्यांचा कार्यकर्ता गोवर्धन आधी जाऊन तेवढी हातभर जागा उकरून ठेवायचा. मला चंदेरी रंग दिला, दांड्याला लाल फीत बांधली. एरवी मी गाडीच्या डिकीत, सतरंजीच्या घडीखाली. साहेब निवडून येत राहिले, त्यांचं पोट सुटलं, गुडघे गेले. मी मात्र कोरीच्या कोरी.

सगळ्यात वैताग आणला तो एका नाल्याने. त्याच्या पलीकडे एक वस्ती आहे. एका निवडणुकीआधी तिथे पुलाचं भूमिपूजन झालं. पुढच्या निवडणुकीआधी मोठ्या पुलाचं. मग निधी परत गेला म्हणून पुन्हा लहान पुलाचं. पूल कागदावर लांबआखूड होत राहिला आणि पावसाळ्यात माणसं कमरेएवढ्या पाण्यातून जात राहिली. पहिल्या वेळी टाळ्या वाजवणारी शाळकरी बिल्कीस आता तिथली आरोग्याचं काम बघणारी आशाताई झाली आहे. अडलेल्या बाईला बाजेवर घालून तीच नाल्यातून दवाखान्यात नेते. गेल्या पावसाळ्यात एक बाळ वाटेतच गेलं. ते तिच्याच हातात होतं.

यंदा उन्हाळ्यात तिथे पुन्हा मंडप पडला. गोवर्धन नेमका जागा उकरायला विसरला. वैशाखातली काळी जमीन ती, हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या. साहेबांनी घाव घातला आणि मी भेगेत खोल रुतून बसले. साहेबांनी ओढलं, कार्यकर्त्यांनी ओढलं. खरं सांगते, माझीही निघायची इच्छा नव्हती.

बिल्कीस पुढे आली. तिने दांडा डावीउजवीकडे हलवून मला बाहेर काढलं. साहेबांनी हात पुढे केला, पण तिने मला दिलं नाही.

"साहेब, लहानपणापासून टाया वाजवून राहिली मी," ती म्हणाली आणि तिने शेजारी उभ्या असलेल्या गरोदर प्राजक्ताकडे बोट केलं. "श्रावणात या प्राजक्ताले नाल्यातून न्या लागते. हे कुदय आता इथंच राहीन."

"अवो ताई, यंदा पूल होतेच."

"मंग झाल्यावर घिऊन जा."

साहेब हसले. त्यांनी मागे बघून खूण केली आणि गोवर्धनने दुसऱ्या गाडीतून दुसरी कुदळ आणली. तिलाही चंदेरी रंग होता, तिलाही लाल फीत होती. फोटो निघाला. माझ्या जिवाचा संताप संताप झाला.

दुसऱ्या दिवसापासून वस्तीतल्या बायामाणसांनी मला हाती घेऊन नाल्याची उभी दरड फोडली, बाज नेता येईल असा उतार केला, पाण्यात दगड रचले. तो काही पूल नव्हे. पण श्रावणात प्राजक्ताची बाज त्यावरून पार गेली आणि तिचं बाळ दवाखान्यात जन्मलं.

मित्रांनो, अवजाराला दसऱ्याला फूल जरूर वाहा, पण दुसऱ्या दिवशी त्याला कामाला लावा. नाहीतर ते गंजतं. निवडून दिलेल्या माणसाचंही तेच आहे. खुशालराव मुळात वाईट नव्हते. त्यांनी एक घाव घातला की तुम्ही टाळ्या वाजवून घरी जायचात. दुसरा घाव कधी घालणार, हे इतक्या वर्षांत तुम्ही एकदा तरी विचारलंत का?