दिवालीबाईने सांगितलं होतं

घरातली एखादी वस्तू थोडीशी बिघडली तर ती तशीच चालवून घ्यायची आपल्या सगळ्यांना सवय असते. पिन सैल झाली, की सॉकेटमध्ये काडेपेटीची काडी खोचायची. इस्त्रीची वायर फाटली, की चिकटपट्टी गुंडाळायची. चालतंय ना, मग झालं. चोपड्याच्या पितांबर नारखेड्यांच्या घरीही असंच चाललं होतं. फरक एवढाच, की यातला धोका त्यांना आपल्यापेक्षा चांगला कळत होता.

पितांबरभाऊंनी एकोणतीस वर्षं दीपनगरच्या वीज केंद्रात नोकरी केली. फोरमन म्हणून ते ब्याण्णव साली निवृत्त झाले आणि चोपड्याला घर बांधून राहिले. घरामागे आठ गुंठ्यांचा मळा होता. त्यात भरताची वांगी, मेथी, आंबाडी, गिलकी असं काहीबाही ते लावत. सुरतेला राहणाऱ्या जावयाने त्यांच्यासाठी तिकडच्या एका कारखान्यातून विजेवर चालणारा लहान टिलर करवून आणला. वर टोकाला रबर चढवलेला लोखंडी दांडा, पुढे मोटर आणि खाली माती भुसभुशीत करणारी फिरती पाती. दोन माणसांचं दिवसभराचं काम तो तासाभरात उरकत असे.

वायर मात्र मळ्याच्या टोकापर्यंत पुरेना. भाऊंनी जुन्या वायरचे तुकडे तीन ठिकाणी जोडले. मागच्या ओट्यावरच्या सॉकेटला दोनच भोकं होती, म्हणून गळलेली वीज जमिनीत उतरवणारी अर्थिंगची तिसरी तार त्यांनी कापून टाकली. नवीन सॉकेट बसवू, जमिनीत अर्थिंग करून घेऊ, असं ते म्हणत राहिले. म्हणता म्हणता चार महिने गेले.

मळ्यात कामाला रुपसिंग आणि त्याची बायको दिवालीबाई येत. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा पाडा होता. पावसाळ्यात स्वतःची कोरडवाहू शेती, एरवी मिळेल ती मजुरी. सुरुवातीला टिलर भाऊ स्वतः चालवत, पायात नोकरीतले रबरी बूट घालून. मग गुडघे दुखायला लागले. त्यांनी रुपसिंगला शिकवलं. बटण कुठलं, वळवायचं कसं, पाती किती खोल घालायची, सगळं शिकवलं. रुपसिंग अनवाणी होता, त्याबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.

एका सकाळी दिवालीबाई ओट्यापाशी आली.

"भाऊ, तुमना यंत्रले हात लावा ते मना हातले मुंग्या उन्यात. काल बी उन्यात."

"मोटर फिरते, दांडा थरथरतो. सवय नाही म्हणून मुंग्या आल्यासारखं वाटतं," भाऊ म्हणाले. "मी चार महिने चालवलं, मला कधी काही झालं नाही."

दिवालीबाई पुन्हा वाफ्याकडे वळली. शिकलेल्या माणसापुढे आणखी काय बोलणार?

तिसऱ्या दिवशी रुपसिंग आंबाडीच्या वाफ्यात टिलर चालवत होता. वाफ्याला आदल्या संध्याकाळी पाणी दिलेलं होतं. माती ओली होती. भाऊ पुढच्या अंगणात शेजारच्या अभिमन पाटलांशी केळीच्या भावाबद्दल बोलत होते. पात्यांमध्ये गिलकीचा वेल अडकला. रुपसिंगने बटण बंद केलं आणि एका हाताने दांड्याचं उघडं लोखंड धरून तो वेल काढायला वाकला. पिन सॉकेटमध्ये तशीच होती. दांड्यावरची मूठ सुटेना. त्याच्या तोंडून आवाजही निघाला नाही, नुसतं अंग ताठ झालं.

दिवालीबाई त्याच्याकडे धावली. ओट्यावर मेथी निवडत बसलेल्या भाऊंच्या पत्नी सुनंदाबाई ओरडल्या, "शिवू नको त्याला!" आणि त्यांनी हाताशी असलेली पिन उपटून काढली. रुपसिंग मातीत कोसळला.

तो वाचला. डॉक्टरांनी एक रात्र दवाखान्यात ठेवून घेतलं. उजव्या तळव्याला खोल भाजलं होतं, महिनाभर तरी हाताने काम नको, असं सांगितलं. दवाखान्याच्या दारात अभिमनने विचारलं, "झालं काय नेमकं?"

"ओल्या मातीत उभं राहून हात घातला त्याने," भाऊ म्हणाले. "किती सांगितलं तरी या लोकांना कळत नाही."

दिवालीबाई तिथेच भिंतीला टेकून बसली होती. तिने ते ऐकलं. सुनंदाबाईंनीही ऐकलं.

घरी आल्यावर सुनंदाबाईंनी नवऱ्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसल्या.

"तुम्ही काय सांगितलं होतं हो त्याला? ओल्या मातीत चालवू नको, असं कधी म्हणालात?"

भाऊंनी कप उचलून बशीत चहा ओतला.

"दीपनगरला असताना एका कामगाराला तुम्ही गेटवरून परत पाठवलं होतं, पायात बूट नाहीत म्हणून. साहेबांशी भांडलात त्यासाठी. तो माणूस होता, मग रुपसिंग कोण आहे?"

"अगं, मी स्वतः चालवत होतो ते यंत्र. मला एकदाही शॉक बसला नाही."

"तुम्हाला कसा बसेल? तुमच्या पायात रबर होतं. ती बाई अनवाणी होती, म्हणून तिला कळलं. तिने येऊन सांगितलं आणि तुम्ही तिला थरथर समजावून सांगितलीत. तुमची चूक झाली ते एक. पण ती त्याच्या माथी मारलीत, हे मला सहन होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊंनी टिलर उघडला. वायर जिथून मोटरमध्ये शिरत होती तिथे, बटणाच्या अलीकडेच, तिचं आवरण घासून निघालं होतं, आणि उघडी तार लोखंडाला टेकली होती. शोधायला दहा मिनिटंही लागली नाहीत. दिवालीबाईने सांगितलं त्या दिवशी शोधली असती, तरी दहाच मिनिटं लागली असती. 

आठवड्याने दोघं नवरा-बायको पाड्यावर गेले. रुपसिंग हाताला पट्टी बांधून खाटेवर बसला होता. भाऊ उभ्यानेच म्हणाले, "रुपसिंग, चूक माझी होती. वायर खराब होती. अर्थिंगची तार मीच कापली होती. हात बरा होईपर्यंत तुझी मजुरी माझ्याकडे."

बोलली ती दिवालीबाई.

"भाऊ, हाई आठे सांगीसन काय उपेग? तुमी गावले सांगं, रुपसिंगनी चूक शे. अभिमन पाटील म्हणस, पंपवर तुले ठेवाव नई, तुले यंत्र समजत नई. बठ्ठा गावले तुमीच सांगा आते."

ज्या माणसाच्या हाताखाली एकेकाळी चाळीस जण होते, त्याला हे ऐकून घेणं सोपं नव्हतं. पण भाऊ म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मी गावात त्याची चूक सांगितली, म्हणून अभिमन त्याला पंपावर ठेवत नाही; आता सगळ्यांना मीच खरं सांगतो. चल रुपसिंग, आताच जाऊ."

अभिमनच्या केळीच्या बागेत तेव्हा पाच-सात माणसं घड उतरवत होती. त्या सगळ्यांसमोर भाऊंनी घडलेलं जसंच्या तसं सांगितलं. वायरचे जोड, कापलेली तार, मुंग्या येतात म्हणून सांगायला आलेली दिवालीबाई आणि तिचं न ऐकणारे ते स्वतः. "रुपसिंगने मी शिकवलं तसंच केलं. जे मी शिकवायला पाहिजे होतं ते शिकवलं नाही," ते म्हणाले.

अभिमनने डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली आणि हळूच म्हणाला, "भाऊ, माझ्या विहिरीवरच्या पंपाचा स्टार्टर बघता का जरा? हा माझा गडी मोतीलाल दोन महिन्यांपासून सांगतोय, हात लावला की झटका बसतो. मी म्हटलं, कामचुकारपणा करतो."

भाऊ विहिरीकडे निघाले. रुपसिंग आणि मोतीलाल त्यांच्या पुढे चालत होते.

त्यानंतर पितांबरभाऊंच्या मळ्यात अखंड वायर आली, तीन पिनांचं सॉकेट आलं, मीठ-कोळसा भरून जमिनीत अर्थिंग झालं. वाफा ओला असेल त्या दिवशी यंत्र बाहेर निघत नाही, आणि पिन काढल्याशिवाय पात्यांना कोणी हात लावत नाही. रुपसिंगच्या मापाचे बूटही आले. पण वाचकहो, हे सगळं बाजारात मिळतं. भाऊंना शिकायला अवघड गेलं ते निराळंच होतं. आपण दुसऱ्याच्या हातात यंत्र देतो तेव्हा त्याच्या जिवाची जबाबदारी आपल्याकडेच राहते. आणि राबणारा माणूस येऊन "इथे काहीतरी बिघडलंय" असं सांगतो, तेव्हा त्याला शहाणपण शिकवायचं नसतं. हातातलं काम थांबवून आधी बघायचं असतं.