उजवीकडची मुकी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. वर्ध्याजवळ देवळीत ढेप-सरकीच्या, म्हणजे गुरांच्या खाद्याच्या, एका दुकानामागे छोटी खोली आहे, तिथे माझा मुक्काम असतो. कारखान्यातून निघालो तेव्हा मी काळाभोर, चकचकीत होतो. काही वर्षे कारंजा गावच्या एका ऑर्केस्ट्राबरोबर लग्नांचे मांडव गाजवले. तो ऑर्केस्ट्रा मोडला आणि निकेश नावाच्या या दुकानदाराने मला विकत घेतले.

निकेशचा नाद जगावेगळा. त्याच्या लॅपटॉपमध्ये परदेशातल्या एका चर्चच्या पाइप ऑर्गनचा, म्हणजे नळ्यांच्या भल्यामोठ्या वाद्याचा, सूर न् सूर ध्वनिमुद्रित करून भरलेला आहे. माझी पट्टी दाबली की तिथल्या नळीचा आवाज इथे खोलीत घुमतो. ज्यांना कोणी विचारत नाही अशा जुन्या रचना तो शोधून काढायचा, माझ्यावर वाजवायचा आणि सगळ्यांना ऐकता याव्यात म्हणून इंटरनेटवर ठेवायचा. ऐकणारे थोडे, पण दाद मनापासून द्यायचे. मीही फुशारून जायचो.

मला पुसायचे मात्र कोणाला सुचले नाही. सरकीची धूळ माझ्या फटींत साचत गेली आणि उजवीकडची शेवटची पट्टी मुकी झाली. तेव्हा निकेश एक अशी रचना बसवत होता, जी आजवर कोणीच ध्वनिमुद्रित केली नव्हती. तिचा सर्वांत उंच सूर शेवटाकडे, एकदाच येतो. तो नेमका त्याच पट्टीवर होता.

“खोलून साफ करा ना,” त्याची बायको रक्षा म्हणाली.

“हंगाम सुरू हाय. एका सुरानं काय होते? कोनाले समजते?”

त्याने ती जागा रिकामी सोडली आणि वादन तसेच इंटरनेटवर ठेवले.

काही महिन्यांनी वर्ध्याहून सुलोचनाबाईंचा आवाजी निरोप आला. त्या अंध मुलांना संगीत शिकवतात, स्वतःलाही दिसत नाही. मुलांनी ऐकूनच शिकायचे, आणि या रचनेचे दुसरे वादन तर कुठेच नाही.

“भाऊ, आमच्या लेकरांनी तुमची रचना बसवली. शेवटी सूर येता येता थांबतो ना, ती जागा त्यांना फार आवडते. सगळे श्वास रोखून बसतात.”

मग मुलांची हार्मोनियम ऐकू आली. तिच्यातही अगदी तिथेच पोकळी होती.

रक्षाने नवऱ्याकडे पाहिले. निकेशचे कान लाल झाले. मला तर मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्याने त्याच दिवशी मला उलटे करून खोलले, पट्टीखालची धूळ काढली. पट्टी बोलू लागली. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप आणि मला घेऊन तो एसटीने वर्ध्याला गेला.

“लेकरांनो, ते थांबनं रचनेत नाई,” तो म्हणाला. “माही पट्टी बंद होती. मी आळस केला.”

“मंग तवाच काऊन नाई सांगितलं?” एका मुलीने विचारले.

निकेशने लॅपटॉप उघडून मला जोडले. त्याने तो उंच सूर वाजवून दाखवला. कोणी टाळी वाजवली नाही. मुलांना रिकामी जागाच पाठ झाली होती.

निघताना सुलोचनाबाईंनी माझ्यावरून बोटे फिरवली. निकेशने तेवढी एकच पट्टी साफ केली होती. बाकीच्या फटींतली धूळ त्यांच्या बोटांना लागली. त्या पदराने एकेक पट्टी पुसू लागल्या. निकेश मान खाली घालून उभा राहिला. मला वाटले, कोणीतरी माझ्यावर कापड टाकून मला झाकावे.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे वाद्य असेल. त्याचा आवाज बंद पडण्याआधी त्याच्याकडे बघा. कोण कुठे बसून त्याच्यावर विश्वास ठेवत असेल, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसते.