कपाटावरचा जोड

मित्रांनो, मी सँडलचा एक जुना जोड आहे. माझे पट्टे अजून तुकतुकीत आहेत, बक्कलांवर ओरखडासुद्धा नाही. बघणाऱ्याला वाटेल, कालच दुकानातून आणला. पण मला उलटे करून बघा, माझे तळ कामातून गेले आहेत. असे कसे झाले, तेच सांगतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे कुणी तळ ओतत होते, कुणी पट्टे शिवत होते. ज्या हातांनी मला घडवले, त्याच हातांनी आणखी एक जोड घडवला. सख्खा भाऊच म्हणा ना माझा. आम्ही दोघे एकाच दुकानात आलो, आणि एका संध्याकाळी दोन सख्ख्या बहिणी आम्हाला घ्यायला आल्या.

संध्याकाळची वेळ दुकानदारानेच सांगितली होती. दिवसभर वावरून पाय थोडे सुजतात, उन्हाळ्यात तर जास्तच. तेव्हा जो जोड नीट बसेल तो प्रवासात चावत नाही, असे त्याचे म्हणणे. दोघींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. येत्या उन्हाळ्यात टेकडी चढून दीपगृहापाशी जायचे आणि तिथून तो बघायचा, असा थोरलीचा हट्ट होता. धाकटीचा डोळा मात्र एका उंच टाचेच्या, नाजूक जोडावर होता.

"अगं, मिरवायला निघालीस की चालायला?" थोरली म्हणाली.

दुकानदाराने मला वाकवून दाखवले. मी बोटांच्या मुळाशी वाकत होतो, मधोमध दुमडत नव्हतो. अंगठ्यापुढे बोटभर जागा होती, टाचेला पट्टा आणि आत मऊ अस्तर होते. दोघी बहिणींचे माप एकच. दुकानात चार फेऱ्या मारून त्यांनी आम्हा दोघांना घेतले. "आजपासूनच घरात घाला, पायाला सवय होऊ दे," दुकानदार म्हणाला.

थोरली माझ्या भावाला घालूनच घरी गेली. तिच्या पायाला तशीही भिंगरी होती. धाकटीने मला खोक्यातच ठेवले आणि खोके कपाटावर. सहलीला कोरे सँडल हवेत, असे तिला वाटे. अधूनमधून ती मला काढी, फडक्याने पुसे आणि तळ मळू नयेत म्हणून पलंगावरच्या चादरीवर चालून बघे. पलंग कुरकुरे, तिचा नवरा पोट धरून हसे. आपले किती लाड होतात, म्हणून मी आपला खोक्यात फुगून बसे.

पहिल्या उन्हाळ्यात तिच्या मुलाची परीक्षा आली. पुढच्या उन्हाळ्यात सासूबाईंचे दुखणे. मग घराची रंगरंगोटी, मग मुलाचे लग्न. पलंगावरच्या फेऱ्याही हळूहळू थांबल्या. थोरली आली की दारात माझ्या भावाचा आवाज ऐकू येई. टाच झिजून तो एका अंगाने घासत चाले.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं!" थोरली म्हणे. "धाकटे, समुद्र काही पळून जात नाही, पण आपण म्हाताऱ्या होतोय गं."

"पुढच्या वर्षी नक्की, ताई."

मग एकदा थोरली आली ती जिन्यात थांबत थांबत, धापा टाकत. "आधी बरी हो, मग जाऊ," धाकटी म्हणाली. थोरली बरी झाली नाही. हिवाळा सरायच्या आत ती वारली.

काही दिवसांनी थोरलीची मुलगी एक पिशवी घेऊन आली. "मावशी, आईचे सँडल तूच ठेव. दवाखान्यातसुद्धा हेच घालून गेली. धाकटीबरोबर समुद्राला जायचंय, असं सारखं म्हणायची." पिशवीत माझा भाऊ होता. पट्टे पुन्हा शिवलेले, अस्तरावर पाचही बोटांचे ठसे. धाकटी धाय मोकलून रडली.

उन्हाळा लागताच ती एकटीच निघाली. मी पायात, माझा भाऊ पिशवीत. ताईलाही न्यायचे, असे तिने ठरवले होते. अखेर मी चालणार होतो! पण टेकडीच्या पहिल्याच चढावर माझ्या तळांचा भुगा होऊ लागला. वर्षानुवर्षे पडून राहून मी आतल्या आत ठिसूळ झालो होतो. काही पावलांत दोन्ही तळ गळून पडले.

ती बाकावर बसली. वरून उतरणारा दीपगृहाचा रखवालदार म्हणाला, "बाई, अनवाणी नका चढू. वाटेवरची फरशी तापलीय, पाय पोळतील."

तिने पिशवी उघडली. माझ्या भावाला बराच वेळ मांडीवर धरून बसली. मग हळूच म्हणाली, "ताई, घालू गं?"

बहिणीच्या बोटांच्या ठशांत तिची बोटे अचूक बसली. ती चढू लागली. थोरली यायची तेव्हा ऐकू येई तोच घासता आवाज वर वर जात राहिला, आणि मी बाकाखाली पडून तो ऐकत राहिलो. माझ्या आयुष्यातली एकच वाट होती ती, आणि तीही मला चालता आली नाही.

ऊन उतरल्यावर ती परतली. माझ्याशेजारी बसून पायांकडे बघत म्हणाली, "केवढा मोठा आहे गं, ताई! तू बघायला हवं होतंस." आणि पदर तोंडाला लावून रडली.

मला तिने टाकले नाही. दाराजवळच्या मांडणीत मी खालच्या फळीवर असतो. माझा भाऊ सहसा बाहेरच असतो, धाकटी त्याला रोज घालते.

मित्रांनो, तिने माझ्यावर माया केली, तिला मी दोष देत नाही. पण आम्हाला जपायचे असेल तर वापरून जपा. धूळ पुसता येते, उसवलेला पट्टा शिवता येतो, झिजलेली टाच बदलता येते. आणि तुमची ताई "चल" म्हणाली, तर त्याच उन्हाळ्यात निघा.