सतरा नंबरचं गवत

उंची

सतरा नंबरचं गवत कमरेला लागलं, तेव्हा सतरासाहेबांना आपणच दोन बोटं वाढल्यासारखं वाटलं. चारा संशोधन केंद्रात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. त्यांना खरं नावही होतं, पण ते पगाराच्या दिवशीच कुणाला तरी आठवे.

तीन वर्षं पाऊस वाटेल तेव्हा येत होता, ऊन मात्र वेळेवर. आसपासची कुरणं करपून खरखरीत झाली होती आणि सतरा नंबर हिरवंगार उभं होतं. पट्टी लावा, पानं मोजा, वाळवून दळून प्रथिनं काढा, कुठे बोट ठेवायला जागा नाही. गुरुवारी समिती येणार होती. तिने मान डोलावली की बियाणं घरोघरच्या गोठ्यांकडे निघणार होतं.

एका घरी ते आधीच पोचलं होतं. साहेबांच्या थोरल्या बहिणीने, ताईने, भावाच्या शब्दावर तिन्ही शेतं नांगरून त्यात सतरा नंबर पेरलं होतं. तिला गायी अकरा होत्या आणि भाऊ एकच.

पूर्वइतिहास

वाण मुळात सतरा होते. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी फाटक उघडं राहिलं आणि एक शेळी आत शिरली. संध्याकाळी वहीत नोंद झाली:

वाफा १ ते १६ : नमुना उपलब्ध नाही.
वाफा १७ : उत्तम स्थितीत.

दुसऱ्या दिवशी तीन निर्णय झाले. पुढचं संशोधन उरलेल्या वाणावर करायचं. बाकीचे सोळा तुलनेपुरते पुन्हा पेरायचे. आणि दुहेरी कुंपण घालायचं. कुंपणच शेत खातं म्हणतात. या कुंपणाने शेत कुणालाच खाऊ दिलं नाही. ‘जनावरांना सक्त मनाई’ अशी पाटी लागली, आणि तेव्हापासून चारा संशोधन केंद्रात जनावराचं शेपूटसुद्धा दिसलं नाही. साहेबांना या शिस्तीचा फार अभिमान.

शेळीचा जबाब कुणी घेतला नाही.

रंग

गडद हिरवा. (या रकान्यात कधीच काही घडलं नाही.)

चव

हा रकाना तक्त्यात नव्हता. तो सोमवारी फोनवरून आला.

“भाऊ, तुझं गवत गायी खात नाहीत.”

“म्हणजे साधारण किती टक्के खातात?”

“खात नाहीत म्हणजे खात नाहीत. टक्के कुठून आले मधेच?”

“ताई, अगं, त्यात प्रथिनं केवढी…”

“त्यांना वाचता येत नाही रे.”

साहेब धावले. गोठ्यात अकरा गव्हाणी काठोकाठ भरलेल्या आणि अकरा तोंडं दुसरीकडे वळलेली. सगळ्यांत थोरली गाय, तिला म्हातारीच म्हणत, तिने पाहुण्याचा मान राखून एक पान उचललं, जिभेवर धरलं आणि हलकेच परत ठेवलं. साहेबांनी गवताची कुट्टी करून पाहिली. मग मिठाचं पाणी शिंपडलं. गायींनी मीठ चाटलं आणि गवत स्वच्छ करून ठेवलं.

“शुक्रवारी व्यापारी येतोय,” ताई म्हातारीची मान खाजवत म्हणाली. भावाकडे तिने पाहिलं नाही. “सगळ्या नेतो म्हणालाय. डोळ्यांदेखत उपाशी मरण्यापेक्षा बरं.”

तेवढ्यात केंद्रात खुरपणीला येणाऱ्या मावशी डोक्यावर पाटी घेऊन दारात आल्या. गोठा एकदम उभा राहिला. दावी ताणली गेली. मावशींनी पाटी ओतली आणि ती आडव्या पसरणाऱ्या, बुटक्या, मळकट गवताची रास बघता बघता नाहीशी झाली.

“हे काय होतं?” साहेबांनी विचारलं.

“तुमचंच की! बांधावरची चिवटी. तुम्ही तण काढा म्हणता, मी काढते आणि जाता जाता इथे टाकते. आठ वर्षं उपटतेय, आठ वर्षं येतेय. ऊन तापलं की जास्तच माजते मेली.”

“पाण्याशिवाय?”

“तुम्ही घातलंत का कधी?”

“माझ्या बांधांवर पण होती,” ताई म्हणाली. “पेरणीआधी उपटून जाळ, असं कोण म्हणालं होतं बरं?”

साहेब कुट्टीच्या ढिगाकडे बघत राहिले. काखेत कळसा असणाऱ्याने निदान गावाला वळसा तरी घातलेला असतो. यांनी कळसा जाळायला सांगितला होता.

निरीक्षण

गुरुवारी उजाडताच साहेबांनी फाटक उघडलं. आधी बाहेरचं, मग आतलं. अकरा गायी रांगेत आत आल्या.

“साहेब, पाटी!” मावशी ओरडल्या.

“त्यांना वाचता येत नाही.”

गायींनी बांध साफ केले. तुलनेचे सोळा वाफे साफ केले. कचेरीच्या पायरीच्या फटीतलं हिरवंही सोडलं नाही. सतराव्या वाफ्यातून म्हातारी सरळ चालत गेली, भांडण झालेल्या नातेवाइकांच्या दारावरून जावं तशी.

समिती अकराला आली. अध्यक्षांनी घाम पुसत चहूकडे पाहिलं. सगळी जमीन बोडकी आणि मधोमध हिरवागार चौकोन.

“वा! या उन्हात सगळं गेलं आणि हे एकटं उभं आहे!”

“उन्हाने नाही गेलं, साहेब. गायींनी खाल्लं,” सतरासाहेब म्हणाले. “मीच सोडल्या सकाळी. हे त्या खात नाहीत.”

अध्यक्षांनी शेणाचा एक ताजा पो निरखून पाहिला.

“सकाळपासून एक पानही गेलं नाही?”

“एकही नाही.”

“मग लिहा,” ते चिटणिसाला म्हणाले, “जनावरांपासून पूर्ण सुरक्षित.”

तक्ता सहीसाठी साहेबांसमोर आला. आठ वर्षं ते या सहीची वाट पाहत होते. त्यांनी पट्टी मागितली, शेवटच्या रकान्यापुढे एक रेघ मारली, वर ‘चव’ लिहिलं, खाली ‘अकरापैकी शून्य’ लिहिलं आणि मग सही केली.

अध्यक्षांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. “अहो, रकाना वाढवलेला तक्ता ग्राह्य धरता येत नाही! आता हा वाण पुढच्या वर्षावर गेला.” गवत नापास झालं नाही. तक्ता झाला.

शेरा

शुक्रवारी ताईने व्यापाऱ्याला चहा पाजून रिकामाच परत पाठवला. ताईच्या शेतात चिवटी वर येईतो गायी रोज सकाळी केंद्रात, जो बांध पुन्हा फुटेल त्यावर, चरणार होत्या. नोंदवहीत त्यांना ‘तज्ज्ञ सदस्य’ म्हटलं होतं. मावशी चिवटीचे मुळासकट ठोंब घेऊन ताईच्या शेतात आल्या. आता उलटं काम होतं: सतरा काढायचं, चिवटी लावायची.

मावशींनी खुरपं घातलं. मग कुदळ घातली. मग बांधावर बसून घाम पुसला.

“साहेब, हे तुमचं निघत नाही हो. मुळं लई खोल गेलीत.”

“हो का?” साहेबांनी चेहरा गंभीर ठेवला. ताई बघत होती. पण नाही म्हटलं तरी त्यांना जरा बरं वाटलं.