सळईच्या तळाची चिठ्ठी

बोटे जपा, मित्रांनो! माझे टोक अजून बोथट झालेले नाही. मी कागद खोचायची एक जुनी सळई आहे. वीतभर उंची, खाली लाकडाची गोल बैठक आणि वर सुईसारखे टोक. एका लोहाराने उरलेल्या तारेतून मला घडवले आणि मी इस्पितळात, लहान मुलांच्या वॉर्डात, टेबलावर येऊन बसले.

औषध दिले की त्याची चिठ्ठी माझ्यावर खोचायची, असा तिथला नियम होता. मोठ्या सिस्टर म्हणत, "ही माझ्यापेक्षा हुशार आहे. काही विसरत नाही." मला तेव्हा आभाळ ठेंगणे वाटे.

विसरत नाही, हे खरेच. ती दुपारही मी विसरलेले नाही. वॉर्डातल्या मावशींनी गरम पाण्याची पिशवी भरून आणली आणि त्या फरशी पुसायला गेल्या. मोठ्या सिस्टरांनी ती एका तान्ह्या बाळाच्या पायाशी ठेवली. तिला फडके गुंडाळायचे राहून गेले. बाळाचा पाय भाजला.

"पिशवी कोणी ठेवली?" मोठ्या डॉक्टरांनी विचारले. डॉक्टरांनी मावशींकडे बोट केले आणि सिस्टरांनी खाली बघत होकाराची मान हलवली. मावशींची नोकरी गेली. जाताना त्या म्हणाल्या, "सिस्टर, तुम्ही तरी सांगा ना हो. मी नव्हते ना तिथे?" सिस्टर चिठ्ठ्यांच्या कडा जुळवत राहिल्या.

पुढे सिस्टर निवृत्त झाल्या आणि मला घरी घेऊन आल्या. त्यांना वॉर्डाच्या आठवणींचे पुस्तक लिहायचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या चिठ्ठ्या कापल्या. पहिल्या चिठ्ठीवर लिहिले, 'मावशींना भेटणे. खरे सांगून माफी मागणे. मगच त्या दुपारचे सातवे प्रकरण.' ती त्यांनी माझ्या अगदी तळाशी दाबून बसवली. त्या दुपारी त्यांना छान झोप लागली. जणू काम उरकले होते!

मग वर चिठ्ठ्या चढू लागल्या. 'गोवराच्या साथीचे साल विचारणे.' 'पान चाळीस, खाटा किती?' 'डॉक्टरांचा तोच विनोद दोनदा आला आहे, एक गाळणे.' काम झाले की चिठ्ठी काढायची. दिवसाला दोन निघत, तीन चढत. मी गळ्यापर्यंत भरले, आणि खरे सांगते, तेव्हा मला त्याचा अभिमानच वाटे.

सूनबाई चेष्टा करीत. "आई, दुसरी सून केलीत की काय? सगळं तिच्याच कानात सांगता."

"ती उलटून बोलत नाही," सिस्टर म्हणत.

"बरं, मग मीच बोलते. तळाची चिठ्ठी कधी निघणार?"

"वरचं संपलं की."

"आणि वरचं संपतं का कधी?"

सिस्टर चष्मा पुसत बसत. सहा प्रकरणे झाली. मग आठवे, नववे, दहावे झाले. सातव्याची पाने कोरीच राहिली. अशी सात वर्षे गेली.

लिहायचे फक्त सातवेच उरले, तेव्हा एका सकाळी त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या एकदम उपसल्या. तळाची तेवढी पर्समध्ये घातली, चपला चढवल्या आणि कोणाला न सांगता गेल्या. दुपारी परतल्या, त्या पंख्याखाली तशाच बसून राहिल्या.

"भेटल्या का मावशी?" सूनबाईंनी पाणी पुढे केले.

"गेली गं ती. चार महिने झाले. तिची मुलगी भेटली. चहा दिला मला. म्हणाली, आई शेवटपर्यंत त्या बाळाचा पाय आठवून रडायची."

"पण त्यांनी तर..."

"ऐक ना. आधी म्हणायची, मी नाही ठेवली. मग म्हणायला लागली, सिस्टर कशाला खोटं सांगतील? माझ्याच हातून झालं असणार. तसंच मनाशी धरून गेली."

सूनबाई खाली बसल्या. "आई, तुम्ही मुलीला खरं सांगितलंत?"

"सांगितलं. तिने माझ्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि दार उघडून उभी राहिली."

सातवे प्रकरण सिस्टरांनी तीन दिवसांत लिहिले. त्यासाठी कुणाला काही विचारावे लागले नाही. जे विचारायचे होते, ते विचारायला माणूस उरले नव्हते. पुस्तक छापून आले. सिस्टरांनी ते उघडलेसुद्धा नाही. मी आता माळ्यावर, जुन्या पितळी डब्याशेजारी गंजत पडले आहे.

मित्रांनो, मोठे काम हाती घ्याल तेव्हा चिठ्ठ्या जरूर लिहा. साल, आकडे, पानांचे क्रमांक खुशाल माझ्यावर सोपवा. पण जी चिठ्ठी लिहिताना मन कचरेल, ती माझ्यावर खोचू नका. मी नुसती धरून ठेवते, मला चालता येत नाही. ती मुठीत धरा आणि त्याच दिवशी त्या दारापर्यंत जा. दाराआडचे माणूसही दिवसेंदिवस थकत असते.