वणव्याच्या दिवसांतली धुरी

ब्याण्णवच्या मार्चमधली गोष्ट. सायवनचा डोंगर पेटून चौथा दिवस होता. माझे यजमान सुदर्शन फॉरेस्टमध्ये वनपाल. गार्ड आणि गावची माणसं घेऊन ते चारही दिवस वरच होते, हिरव्या फांद्यांनी आग झोडपत. क्वार्टरमध्ये मी आणि पाच महिन्यांची मुक्ता.

आदल्या वर्षी पाऊस गणपतींबरोबरच गेला होता आणि गवत दिवाळीआधीच वाळलं होतं. वणवा इथे नवा नाही, पण इतके दिवस जळणारा डोंगर कामाला येणाऱ्या हिरूनेही पाहिला नव्हता.

मी खिडक्यांच्या फटींत ओल्या चिंध्या कोंबल्या, दाराखाली टॉवेल सरकवला. मुक्ताला खोकला झाला होता. नर्सबाईंनी सांगितलं होतं, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजा, पन्नास झाले की वाट बघू नका. मी तासातासाला मोजत होते. चव्वेचाळीस. सत्तेचाळीस. एकोणपन्नास. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून आकडे मोठ्याने म्हणायचे.

सकाळी तिला आंघोळ घालून रोजच्यासारखी धुरी दिली. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, लसणीची सालं. सासूबाईंनी पत्रात बजावलं होतं, धुरी चुकवू नकोस, छाती मोकळी राहते. या दिवसांत तर मी संध्याकाळीही देत होते.

हिरू आत आली ती खोकतच.

"बाई, वणवा घरात घेतलास की काय तू?"

"अगं, ही धुरी आहे. औषधाची."

"औषधाची? मग माझ्या डोल्याला कशी लागली?"

"आमच्याकडे सगळ्या बाळांना देतात."

"आमची पोरां पण धुरातच वाढतात. पण आमच्या कुडाला भोकां हायत, बाई. तू तर सगली बुजवलीस."

"तू भांडी घास," मी म्हटलं. मला राग आला होता. मी बी.एस्सी. झालेली, आणि ही मला सांगणार!

मग मुक्ताकडे पाहिलं. छपराच्या काचेतून तिरीप येत होती आणि त्या उजेडात निळा धूर जागच्या जागी उभा होता. बाळाच्या बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. मोजले. छप्पन्न.

खिडकी उघडली, तर डोंगराचा धूर आत आला. लावली, तर माझा कोंडलेला. कुठलीच हवा तिच्यासाठी नव्हती. दुपट्यात गुंडाळून मी डहाणूची एसटी धरली. पिशवी घेऊन हिरू थांब्यापर्यंत आली. "जा तू. दादा डोंगरावरून आला की मी सांगते."

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी विचारलं, "कुठून आलात? सायवन? मग वणव्याचाच धूर. या आठवड्यातलं हे सातवं मूल."

मी मान डोलावली. किती सोपं होतं ते.

दोन दिवस मी त्या लोखंडी खाटेशी बसून होते. बाकीच्या बायांबरोबर कुणी ना कुणी आलेलं होतं. तिसऱ्या दिवशी हे आले. भुवया होरपळलेल्या, शर्टाला जळक्या गवताचा वास.

"विझला एकदाचा. कशी आहे?"

"काल नळी काढली. दूध पिते आता."

"त्या वणव्याने लेकराचं..."

"वणवा होताच. पण सगळं बंद करून मी दोन वेळा धुरी देत होते. डॉक्टरांना सांगितलं नाही."

"आईने लिहिलं होतं म्हणून तू..."

"निखारे मी फुलवत होते."

त्यांनी मुक्ताला घ्यायला हात पुढे केले, आणि एकदम खोकल्याची उबळ आली. तोंडावर रुमाल धरून ते व्हरांड्यात गेले.

मला वाटलं, थांबेल. बराच वेळ ऐकत बसले. रुमाल काळा झालेला मला दारातूनही दिसत होता. मग मुक्ताला उचललं आणि डॉक्टरांच्या खोलीकडे निघाले. आता दोघांबद्दल सांगायचं होतं, धुरीसकट.