आत्याने ठेवलेलं नाव

माझी भाची मान धरायला लागली तरी तिला नाव नव्हतं. जन्माची नोंद झाली ती बिननावाची, आणि तसल्या दाखल्यावर पासपोर्टचं काम पुढे सरकेना. तिचा बाप सागर मस्कतला हॉटेलात कामाला. त्याने लेक अजून फोनवरच पाहिलेली. माझी बहीण रूपाली बाळाला घेऊन त्याच्याकडे जायची होती, ते सगळं या एका नावापायी अडलं.

मी रामनगरात गाडी भाड्याने चालवतो. थांबणं मला जमत नाही. म्हटलं, "काय बी नाव घाल आणि मोकळी हो."

"आत्यानं कानात सांगायचं असतंय, वासूदादा. रक्षावन्सं सांगतील तेच घालायचं."

पण रक्षाताई येणार नव्हती. सागरची ही थोरली बहीण गणेशगुडीला एका लॉजच्या स्वयंपाकघरात राबते. मूलबाळ नाही, आणि गेल्या पावसाळ्यात नवराही गेला. "माझा हात पाळण्याला नको," असा तिनेच निरोप धाडला होता. आमच्या आईने तो लगेच उचलून धरला. "चुलत आत्या हाय की!"

रूपाली बधली नाही. सागरने फोनवर आरडाओरडा केला तरी ती आपली बाळाला थोपटत बसली. आमच्या घरातला हट्ट सगळा माझ्याच वाट्याला आलाय, असं मी आजवर समजत होतो.

शेवटी वैतागून मीच गाडी काढली. रक्षाताई येत नाही, तर आपण जाऊ.

रक्षाताई चपात्या लाटत होती. बाळाला बघून तिचा चेहरा उजळला, पण दुसऱ्याच क्षणी तिने दोन्ही हात पाठीमागे नेले. "घरी न्हे तिला, रूपाली. लोक काय म्हणतील?"

"हितं पाळणा कुठं हाय, वन्सं? पाळण्याला नका लावू हात. पोरीला लावा."

आणि रूपालीने बाळ सरळ तिच्या अंगाशी धरलं. पिठाचे हात पुढे आलेच. रक्षाताई वाकून बाळाच्या कानात काहीतरी बोलली.

"आमाला बी सांगा की, ताई. दाखल्यावर घालायचंय," मी म्हटलं.

"शेवंती," ती हळूच म्हणाली. "मला मुलगी झाली असती तर तिला ठेवायचं म्हणून मनात धरलं हुतं. कुणाला हाक मात्र कवा मारली न्हाई."



"मग मारा की आता," रूपाली म्हणाली.

"शेवंती," रक्षाताईने पुटपुटून पाहिलं. मग जरा मोठ्याने. तिसऱ्यांदा अशी खणखणीत हाक मारली की बाहेर जेवायला बसलेले पाहुणे वळून बघायला लागले. बाळ दचकलं आणि त्याने भोकाड पसरलं. रूपालीने घ्यायला हात पुढे केले.

रक्षाताईने दिलं नाही.

"ऱ्हाऊ दे," तिला खांद्यावर घेत ती म्हणाली. "माझ्या हाकेनं रडलीया. मीच गप करती."